नूडल्सच्या वाडग्याचा ताळेबंद

आशियाई पद्धतीच्या नूडल्स आरोग्याला हितकर की अपायकारक, हा प्रश्न आता केवळ उपाहारगृहात जाणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. स्वयंपाकघरातील फडताळात पाकीट असते, मुलांच्या डब्यात आठवड्यातून एकदा तरी तो पदार्थ जातो आणि महाविद्यालयीन मुलगा रात्रीच्या अभ्यासाच्या वेळी स्वतःच्या हाताने तोच करून घेतो. घरातील वडीलधारी मंडळी त्यास ‘मैद्याचे विष’ म्हणतात. नातवंडांचे उत्तरही तयार असते: जपानी माणसे रोज हेच खातात, तरी जगात सर्वाधिक आयुष्य त्यांनाच कसे लाभते?

ही दोन्ही मते घाईची आहेत, कारण एकाच नावाखाली अगदी भिन्न वस्तू वावरतात. तांदळाच्या वाफवलेल्या नूडल्स, कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स, तेलात तळून वाळवलेली पाकिटातील वडी आणि हातगाडीवर सॉसमध्ये परतलेले ‘चायनीज’ यांचा एकच निवाडा होऊ शकत नाही. नावावरून पत ठरवू नये, हिशेब पाहून ठरवावी, हा व्यवहाराचा जुना नियम येथेही लागू पडतो. हिशेबाच्या बाबी मोजक्याच आहेत: पीठ कोणते, तेल किती, मीठ किती, सोबत काय आणि किती वेळा.

पीठ कोणते?

नूडल्सची परंपरा फार जुनी आहे. चीनच्या छिंगहाय प्रांतात, पीत नदीच्या खोऱ्यातील लाजिया येथील उत्खननात मातीच्या पालथ्या वाडग्याखाली सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या नूडल्सचे अवशेष सापडले. २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्या नूडल्स गव्हाच्या नसून राळ्यासारख्या भरडधान्याच्या होत्या, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. पुढे उत्तर चीनमध्ये गहू आणि दक्षिणेकडे तांदूळ, अशी ढोबळ विभागणी झाली. व्हिएतनाम व थायलंड येथे तांदळाच्या नूडल्स रूढ झाल्या, तर जपानमध्ये गव्हाच्या जाड ‘उडोन’ आणि कुट्टूच्या ‘सोबा’ यांना मान मिळाला.

पोषणाच्या दृष्टीने पाहता या सर्वांचा गाभा पिष्टमय आहे. शिजवलेल्या शंभर ग्रॅम तांदळाच्या नूडल्समध्ये सुमारे ११० किलोकॅलरी उष्मांक मिळतात आणि प्रथिने एक-दोन ग्रॅमच. गव्हाच्या शिजवलेल्या नूडल्समध्ये उष्मांक थोडे अधिक, सुमारे १४०, आणि प्रथिने चार-पाच ग्रॅम असतात. हे आकडे भाताच्या आकड्यांहून फारसे वेगळे नाहीत. म्हणजे साध्या उकडलेल्या नूडल्स हे काही विष नव्हे, तसेच ते औषधही नव्हे. ते एक धान्यान्न आहे.

मैद्याचा आक्षेप मात्र खरा आहे. कोंडा व अंकुर काढून टाकल्यामुळे गव्हातील तंतुमय भाग मोठ्या प्रमाणात निघून जातो. शंभर ग्रॅम कणकेत तो सुमारे ११ ग्रॅम असतो, मैद्यात तीन ग्रॅमही भरत नाही. तंतू कमी झाले की अन्न लवकर पचते, रक्तातील साखर वेगाने चढते आणि भूकही लवकर परत येते. चिनी व जपानी पिवळसर नूडल्समध्ये पीठ ताणले जावे म्हणून क्षार घालतात. आपल्या पापडखाराचाच तो भाऊबंद आहे. तो प्रमाणात असेल तर भिण्याचे कारण नाही, परंतु त्यामुळे मैद्याची कणीक होत नाही.

सोबाची कीर्ती मोठी आहे आणि ती अगदीच निराधार नाही. कुट्टू हे गवतवर्गीय धान्य नसून एका फुलझाडाचे बी आहे, आणि त्यातील प्रथिनांचा दर्जा चांगला असतो. तथापि बाजारातील बहुतेक सोबामध्ये गव्हाचे पीठ मिसळलेले असते. जपानमध्ये आठ भाग कुट्टू व दोन भाग गहू हे प्रमाण प्रतिष्ठेचे मानतात. स्वस्त मालात गव्हाचा वाटा याहून बराच वाढतो. गव्हातील ग्लुटेन ज्यांना वर्ज्य आहे, त्यांनी ‘सोबा’ या नावावर विसंबून राहू नये. त्यांना तांदळाच्या नूडल्स अधिक सोयीच्या, फक्त वेष्टनावरील घटक तेथेही पाहावेत.

मुगाच्या पारदर्शक नूडल्सबाबत तर हमखास फसगत होते. मूग म्हटले की प्रथिने, असे समीकरण आपल्या मनात पक्के असते. परंतु या नूडल्स मुगाच्या पिठाच्या नसतात, मूग वाटून धुऊन काढलेल्या सत्त्वाच्या, म्हणजे निव्वळ पिष्टाच्या असतात. या प्रक्रियेत प्रथिने जवळजवळ पूर्णपणे वेगळी होतात. या नूडल्स साखर तुलनेने सावकाश चढवतात, हा त्यांचा गुण आहे. पण त्या खाऊन डाळ खाल्ल्याचे समाधान मानणे चूक ठरेल.

रश्श्यातील मीठ

जपानी माणसाच्या दीर्घायुष्याचे श्रेय नूडल्सला देणाऱ्यांनी जपानचाच अनुभव नीट पाहावा. तेथील आहारात सोयाबीन, भाज्या, समुद्रवनस्पती, बेताचे वाढप आणि चालण्याची सवय यांचा वाटा आहे. नूडल्सचा रस्सा मात्र तेथील आरोग्य खात्याच्या चिंतेचा विषय राहिला आहे. एक वाडगा रामेन रश्श्यासह संपवला तर पाच-सहा ग्रॅम मीठ सहज पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अखत्यारीतील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारसूत्रांतही हीच मर्यादा दिली आहे. याचा अर्थ एका वाडग्यात संपूर्ण दिवसाचा हप्ता फिटतो आणि उरलेल्या जेवणातील मीठ हे कर्जाऊ ठरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मोठे होते. लोणची, मिसो व खारवलेले पदार्थ यांवर भर असलेल्या डोंगराळ नागानो प्रांतात तर ते विशेष होते. तेथे स्थानिक स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन मीठ कमी करण्याचा प्रचार वर्षानुवर्षे केला. नूडल्सचा रस्सा सगळा पिऊ नये, हा त्या उपदेशातील एक साधा भाग होता. पुढे नागानोची गणना जपानमधील सर्वाधिक आयुर्मानाच्या प्रांतांत होऊ लागली. या यशामागे अनेक कारणे आहेत, परंतु बोध स्पष्ट आहे. दीर्घायुष्य नूडल्समुळे आले नाही. त्यासाठी वाडग्यातील मिठावर जाणीवपूर्वक लगाम घालावा लागला. आजही तेथील सरासरी सेवन दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास आहे आणि शासनाने पुरुषांसाठी साडेसात व स्त्रियांसाठी साडेसहा ग्रॅमचे उद्दिष्ट ठेवले आहे.

पाकिटातील वडी

आता ज्या नूडल्सशी आपल्या घरांचा सर्वाधिक संबंध येतो, त्यांकडे वळू. मोमोफुकु आंदो या उद्योजकाने जपानमधील ओसाकाजवळच्या इकेदा गावी, घरामागील एका छोट्या खोपटात, झटपट शिजणाऱ्या नूडल्स सिद्ध केल्या. २५ ऑगस्ट १९५८ रोजी त्या बाजारात आल्या आणि १९७१ साली त्यांचा पेल्यातील अवतार निघाला. त्यांची युक्ती सोपी होती. वाफवलेल्या नूडल्स गरम तेलात दीड-दोन मिनिटे तळल्या की त्यांतील पाणी उडून जाते आणि जागोजागी सूक्ष्म छिद्रे पडतात. पुढे उकळते पाणी मिळताच त्या छिद्रांतून ते आत शिरते व नूडल्स काही क्षणांत मऊ होतात.

याच युक्तीत पदार्थाचा दोषही आहे. पाणी बाहेर पडताना त्याची जागा तेल घेते. तळलेल्या वडीच्या वजनाचा साधारण १५ ते २० टक्के भाग तेलाचा असतो. हवेवर वाळवलेल्या प्रकारात तो तीन टक्क्यांच्या आत राहतो. तेल बहुधा पामचे असते आणि त्यातील जवळपास निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे हृदयाच्या दृष्टीने कमी हिताची असते. ‘नूडल्स उकडून तर खातो, तळत कुठे?’ असा युक्तिवाद घरात होतो, पण तळणी कारखान्यात आधीच झालेली असते.

मिठाचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, पाकिटावर शंभर ग्रॅममागे १,२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. पाकीट ७० ग्रॅमचे असेल तर त्यात ८४० मिलिग्रॅम सोडियम झाले. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते, म्हणजे सुमारे २.१ ग्रॅम. भूक लागलेला तरुण एका वेळी दोन पाकिटे संपवतो. तेव्हा ४.२ ग्रॅम मीठ त्याच्या पोटात गेलेले असते आणि दिवसाच्या पाच ग्रॅमपैकी उरते अवघे पाऊण ग्रॅम. हल्ली लोकप्रिय झालेल्या कोरियन पद्धतीच्या मोठ्या, १२० ग्रॅमच्या पाकिटात तर एकाच वाढपात ५०० किलोकॅलरी आणि चार ग्रॅमहून अधिक मीठ असू शकते. लहान मुलांना मिठाची मर्यादा प्रौढांपेक्षाही कमी असते, याचा विसर पडू नये.

उष्मांकांचा विचार केला तर ७० ग्रॅमच्या पाकिटातून सुमारे ३०० किलोकॅलरी मिळतात. ही रक्कम मोठी नव्हे. दोन पोळ्या आणि वाटीभर मटकीची उसळ यांतूनही साधारण तेवढीच ऊर्जा मिळते. फरक आहे तो ऊर्जेसोबत येणाऱ्या गोष्टींत. उसळ-पोळीत प्रथिने, तंतू, लोह यांची जोड असते, तर पाकिटात मैदा, तेल आणि मीठ यांची. म्हणूनच तासाभरात मूल पुन्हा ‘भूक लागली’ म्हणत येते.

अभ्यास काय सांगतो?

दक्षिण कोरियात झटपट नूडल्सचे दरडोई सेवन जगात सर्वाधिक असलेल्या देशांत गणले जाते. तेथील राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणाच्या २००७ ते २००९ या काळातील दहा हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१४ साली अमेरिकेतील एका पोषणविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा झटपट नूडल्स खाणाऱ्या स्त्रियांमध्ये चयापचयाच्या विकारसमूहाचे प्रमाण ६८ टक्क्यांनी अधिक आढळले. वाढलेला कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण यांच्या एकत्रित अवस्थेला हे नाव आहे. यातूनच पुढे मधुमेह व हृदयविकार यांची वाट सुरू होते. उरलेला आहार पारंपरिक असो वा मांस व तळलेल्या पदार्थांचा, हा संबंध तसाच राहिला. पुरुषांमध्ये मात्र तो आढळला नाही.

या निष्कर्षाचे वजन नीट जोखले पाहिजे. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करीत नाही. नूडल्स वारंवार खाणाऱ्यांच्या आयुष्यात घाई, जागरण, व्यायामाचा अभाव अशाही बाबी असू शकतात. तरीही ‘आठवड्यातून दोनदा’ हा उंबरठा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आपल्या अनेक घरांनी तो केव्हाच ओलांडला आहे.

भारतासाठी तर ही सावधगिरी अधिकच आवश्यक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. ज्या घरात आजोबांची रक्तदाबाची गोळी आणि वडिलांची साखरेची गोळी एकाच डब्यात असते, त्या घरातील मुलाची जीभ खारट चवीला लहानपणीच सरावणे, ही किरकोळ बाब मानता येणार नाही.

भीती कशाची धरावी?

लोकांची भीती बहुधा चुकीच्या दिशेला असते. नूडल्सवर मेणाचा थर असतो, ही अफवा वर्षानुवर्षे फिरते आहे. वड्या एकमेकींना चिकटत नाहीत त्या तळल्यामुळे, त्यासाठी मेण लागत नाही.

दुसरी भीती अजिनोमोटोची. टोकियोतील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बू या समुद्रवनस्पतीच्या अर्कातून हा रुचिकारक पदार्थ वेगळा केला. त्याचे शास्त्रीय नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात, चिनी उपाहारगृहात जेवल्यानंतर अस्वस्थ वाटते, असे पत्र छापून आले आणि संशयाला प्रारंभ झाला. त्यानंतरच्या काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात तसा परिणाम सातत्याने दिसून आला नाही. १९८७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने त्यासाठी सेवनाची मर्यादा घालण्याची गरज नसल्याचे ठरवले. काहींना तो सोसत नाही, त्यांनी तो टाळावा हे योग्यच. भारतीय नियमांनुसार तो घातलेल्या पदार्थावर एक वर्षाखालील बालकांसाठी तो शिफारस केलेला नाही, अशी सूचना छापावी लागते. परंतु अजिनोमोटो नाही म्हणून पदार्थ निर्धोक, हा निष्कर्ष मात्र पोकळ आहे. मीठ, मैदा आणि तेल आहेत तेथेच राहतात.

२०१५ सालचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शिशाच्या प्रमाणावरून मॅगी नूडल्सची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करून फेरतपासणीस सांगितले आणि तपासणीनंतर नोव्हेंबरमध्ये ते उत्पादन बाजारात परतले. त्या सहा महिन्यांत घराघरांत शिशाची चर्चा झाली, मिठाची फारशी झाली नाही. वास्तविक शिसे तपासण्याचे काम प्रयोगशाळेचे आहे. पाकिटावर छापलेले सोडियम वाचणे मात्र कोणत्याही गृहिणीला व गृहस्थाला शक्य आहे.

हातगाडीवरचे ‘चायनीज’

आपल्याकडे ‘चायनीज’ म्हणून जे मिळते, त्याचे मूळ कोलकात्याच्या टांगरा भागात व आसपास स्थायिक झालेल्या हक्का चिनी समाजाच्या पाककलेत आहे. पुढे ते भारतीय जिभेच्या मागणीनुसार बदलत गेले. मुंबई-पुण्याच्या गाड्यांवर आज जे विकले जाते ते चीनमधील माणसाला ओळखूही येणार नाही. उकडलेल्या नूडल्स भरपूर तेलावर परततात आणि त्यात सोया सॉस, मिरचीचा सॉस व शेझवान चटणी पडते. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे दोन ग्रॅमहून अधिक मीठ. वर मीठ वेगळे घालतात ते निराळेच. मंचुरियनचे गोळे आणि ‘चायनीज भेळे’तील नूडल्स तर सरळ तळलेल्या असतात. भाज्या असतात, पण कोबीच्या चार चिरांपुरत्या. येथे दोष आशियाई परंपरेचा नाही. चीनमधील घरगुती जेवणात पालेभाज्या व सोयाबीनचे पदार्थ मुबलक असतात. आपण त्यांच्याकडून नूडल्स घेतल्या, भाज्या घेतल्या नाहीत.

शाकाहारी घरांनी काय पाहावे?

आरोग्याबरोबर आहाराची मर्यादा सांभाळणाऱ्या कुटुंबांना आणखी काही नोंदी तपासाव्या लागतात. जपानी रस्सा दिसायला निव्वळ पाण्यासारखा असला तरी तो बहुधा सुक्या माशांच्या अर्कावर उभा असतो. थाई रश्श्याच्या वाटणात कोळंबीची पेस्ट, पाड थाईत माशांचा सॉस आणि कोरियन किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशांचा सॉस असणे नित्याचे आहे. चिनी नूडल्सपैकी अनेक अंड्याच्या असतात. घटकांतील ६२७, ६३१ व ६३५ हे रुचिवर्धकांचे क्रमांक वनस्पतिजन्य असू शकतात, तसेच प्राणिजन्यही असू शकतात. तेथे वेष्टनावरील हिरवे चिन्हच निर्णायक मानावे. भारतात विकल्या जाणाऱ्या आयात पाकिटांवरही शाकाहारी-मांसाहारी चिन्ह आवश्यक असते.

हिरवे चिन्ह कांदा, लसूण व कंदमुळांविषयी मात्र काहीच सांगत नाही. मसाल्याच्या पुडीत कांद्याची व लसणाची पूड जवळजवळ ठरलेलीच असते. कोरियातील पारदर्शक नूडल्स रताळ्याच्या पिष्टाच्या असतात. वजन घटवण्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या, जवळजवळ उष्मांकरहित शिराताकी नूडल्स कोंजॅक नावाच्या कंदाच्या असतात. मुगाच्या व तांदळाच्या नूडल्स त्या मानाने चालण्याजोग्या, पण तांदळाच्या नूडल्समध्येही काही वेळा टॅपिओकाचे पिष्ट मिसळतात.

पूर्व आशियात कांदा-लसूणविरहित शाकाहाराची स्वतःची परंपरा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. चिनी बौद्ध मठांत कांदा, लसूण आदी पाच उग्र वनस्पती वर्ज्य मानतात. तैवानमध्ये तर शाकाहारी पदार्थांच्या वेष्टनांवर या उग्र वनस्पती असलेला व नसलेला, असे वेगळे वर्ग लिहिले जातात. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ आणि थायलंडमध्ये ‘जे’ या शब्दांनी असा शाकाहार ओळखला जातो. प्रवासास निघणाऱ्यांनी हे दोन शब्द लक्षात ठेवल्यास साध्या ‘व्हेजिटेरियन’पेक्षा अधिक उपयोग होईल. या स्वयंपाकात अळंबी मात्र सर्रास वापरतात, तेवढे विचारून घ्यावे.

घरातील पर्याय

नूडल्स परक्या वाटत असल्या तरी त्यांचे भाऊबंद आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहेत. कोकणातील शिरवाळे तांदळाच्या उकडीचे असतात. ते साच्यातून पाडून गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खातात. त्यांत तळणी नाही आणि मिठाचा माराही नाही, फक्त नारळ-गुळाचे उष्मांक ध्यानात ठेवावेत. गव्हाच्या हातशेवया उन्हात वाळवलेल्या असतात. खिरीऐवजी त्यांचा भरपूर भाज्या घातलेला उपमा केल्यास तो मुलांच्या डब्यासाठी उत्तम पर्याय ठरतो. परंतु घरचे म्हणजे निर्दोष, असेही समजू नये. कुरडई गव्हाच्या चिकाची, म्हणजे पिष्टाची असते. तिच्यातही कोंडा उरत नाही आणि ती तळूनच खाल्ली जाते. एकच मोजमाप परक्याला व आपल्याला लावले तरच हिशेब खरा होतो.

बाजारातून नूडल्स आणायच्या असतील तर पाकिटाचा पुढचा भाग न वाचता मागचा वाचावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पुढे ठळक अक्षरांत ‘नाचणी’ किंवा ‘ज्वारी’ आणि मागे पहिले नाव मैद्याचे, असा प्रकार आढळला की काय समजायचे ते समजावे. ‘तळलेल्या नाहीत’ अशी नोंद असलेल्या नूडल्स घ्याव्यात. आकडे शंभर ग्रॅमचे आहेत, एका वाढपाचे की पूर्ण पाकिटाचे, हे पाहूनच तुलना करावी.

करतानाही थोडी काळजी घेतली तर बराच फरक पडतो. नूडल्स उकडून पाणी काढून टाकावे. मसाल्याची पुडी निम्मीच घालावी किंवा तिच्याऐवजी जिरे, मिरे, लिंबू यांची घरची चव द्यावी. वाडग्यात नूडल्सपेक्षा भाज्या अधिक असाव्यात: फरसबी, कोबी, ढोबळी मिरची, मटार, जे चालत असेल ते. मोड आलेले मूग, पनीर, टोफू किंवा भाजलेले शेंगदाणे घातल्यास प्रथिनांची तूट भरून निघते. मधुमेह असलेल्यांनी आधी भाजी व नंतर नूडल्स हा क्रम ठेवावा. जपानी संशोधकांनी मधुमेही रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत, भाजी आधी खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे दिसून आले आहे. रस्सा असेल तर तळाशी थोडा राहू द्यावा. रक्तदाब व मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाकिटातील नूडल्स शक्यतो टाळाव्यात आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तेव्हा निवाडा असा: उकडलेल्या, भाजी व प्रथिनांची जोड असलेल्या, बेताच्या मिठाच्या नूडल्स इतर कोणत्याही धान्यान्नाप्रमाणे खाता येतात. तळलेली वडी आणि खारट पुडी यांचे स्थान मात्र कधीमधीच्या हौसेचे असावे, आठवड्यातून एकदाहून अधिक नसावे आणि जेवणाच्या जागी तर मुळीच नसावे. घरात पूर्ण बंदी घातली की मुले बाहेर खातात, हा सर्वांचाच अनुभव आहे. त्याऐवजी पुढच्या वेळी पाकीट फोडण्यापूर्वी ते मुलाच्याच हाती द्यावे, सोडियमचा आकडा शोधून त्याला अडीचने गुणायला सांगावे आणि येणारे उत्तर त्याच्यासमोर चमच्याने मोजून ताटलीत काढावे. पाचवी-सहावीतील मुलाला तेवढा गुणाकार येतो, आणि ताटलीतील मीठ पाहिल्यावर निम्मी पुडी बाजूला ठेवण्याचा विचार बहुधा तोच मांडेल.